पिंजाऱ्याच्या घरी फोमची गादी

३ डिसेंबर २०१७, रविवार

घेऊन टाकली. फोमची गादी, अब्बांसाठी. कंपनीत ज्या गादीच्या कव्हराले डाग पडतो, ती आमाले अर्ध्या भावात देतात. डाग पायथ्याकडं हाये. चादर टाकली की दिसत नाई.

पैसे खोलीच्या डिपॉझिटचे होते. इथं वापीत आमी आठ जन एका खोलीत झोपतो. येगळी खोली घ्याची अन बिलकिसले आनायचं, असं लग्नापासून चालू हाये. आता खोली उन्हाळ्यावर गेली. पन अब्बांची पाठ पाहवत नाई. उभी हयात दुसऱ्याच्या गाद्या भरल्या, अन आता सोता असे वाकून चालतात, जसं खाली पडलेलं काई शोधून राह्यले.

बिलकिसले फोनवर सांगतलं. म्हने, "बरं केलं." बस, एवढंच. लगेच म्हनली. मी इकडं तिची समजूत घालाची पुरी तयारी करून बसलो होतो!

४ डिसेंबर

ट्रान्सपोर्टवाला मेहकरपर्यंत नेतो म्हने. पुढं डोणगावले कशी न्याची, थे अब्बा पाहतील.

११ डिसेंबर

पोचली. अब्बांचा फोन आला. अब्बा घरच्या बोलीत बोलतात, मी मराठीत लिहितो — सातवीपर्यंत जेवढी शाळा झाली, थे मराठीच होती.

"अबे कादर, पिंजाऱ्याच्या घरी गादी धाडते का कोनी? उद्या कुंभाराले मडकं धाडशील."

म्हनलो, पाठीले आराम पडंल.

"पाठ माही हाये. तिले विचारलं का?"

पन बिलकिस म्हने, आल्यापासून भिंतीले उभी करून ठेवली. येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवतात — पोरानं धाडली, वापीहून. कोनाले हात लावू देत नाईत.

बोलत होते तवा मागं पिंजाची मशीन चालू होती. म्हनलो, अब्बा, बोलताना तरी बंद करत जा. "हाव हाव," म्हने. बंद काई झाली नाई.

१४ डिसेंबर

माह्या बाजूले झोपते थो शालिग्राम आमच्याच भागातला. त्याच्या बापानं उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातला. बीटीचं बियानं, अळी लागत नाई म्हनून महागाचं घेतलं होतं — अन बोंडाबोंडात गुलाबी अळी. जे वेचलं थे सारं कवडी. पिवळं, किडकं. व्यापारी हात लावत नाई.

दोन दिवस शालिग्राम कोनाशी बोलला नाई. आज मीच चहा आनून देल्ला. तवा म्हने, "आमच्या बुढ्यानं ती कवडी तुह्या बापाच्या दुकानात नेली. म्हने, इकली जात नाई त झोपता त येईन तिच्यावर." बहिनीच्या लग्नाच्या दोन गाद्या भरून घेतल्या त्यात. सांगता सांगता सोताच हासला. बेकार हासला. मी बी.

२० डिसेंबर

अब्बांनी गादी फाडली.

बिलकिसले सांगताना हासू आवरत नव्हतं. आमच्यात एक हाये — आत काय भरलं थे पाह्याशिवाय पिंजारी दुसऱ्याच्या गादीवर पाठ टेकत नाई. नव्या कपड्यात सडका कापूस भरनारे लय असतात. मले मालूम होतं हे. पन फोमच्या गादीची शिवन कोनी उसवंल, हे डोक्यात आलं नाई. अब्बांनी आठ-नऊ दिवस दम धरला. काल ब्लेड घेतलं. आत पाह्यलं, दाबलं, वास घेतला.

"पाव हाये बे हा," म्हने.

मंग मूठभर तोडून मशीनीत टाकून पाह्यला. मशीन जाम.

आता फाडलीच त म्हने कामी आनू. शेजारच्या सिंधूताईले गुडघ्याखाली घ्याले एक तुकडा. मशिदीत जे बुढे खुर्चीवर नमाज पढतात, त्यायच्या खुर्च्यायले. शाळेच्या आटोत मागच्या शिटाले. उरला थो पोट्ट्यायच्या सायकलीले. सारी गादी गल्लीत वाटून टाकली. वाटता वाटता सांगत — पोरानं धाडली, वापीहून.

मले लय राग आला. थे माही खोली होती. तिची चूल, तिची मोरी, तिची खिडकी. ब्लेडनं कापून सायकलच्या शिटाले लावली.

शालिग्राम त हासून हासून लोळला.

२१ डिसेंबर

फोन केला नाई.

२३ डिसेंबर

अब्बांचाच आला. "रागावला का बे?"

म्हनलो, नाई त.

"अरे, सारी गल्ली दुवा देऊन राह्यली तुले. सिंधूताई म्हने, कादर सोन्याचं पोरगं हाये. आजपर्यंत म्हनली होती का कधी?"

म्हनलो, पन गादी पाठीसाठी होती ना.

"पाठ एकदम मस्त. दिवाळीपासून मी बसूनच असतो."

बसून असता त मशीन कोन चालवते?

अब्बा खोकले. मंग म्हने, रेंज नाई. रेंज चांगली होती.

शालिग्रामले विचारलं. थो माह्याकडं पाहतच राह्यला. "तुले मालूम नाई? आमच्या गाद्या बिलकिसवैनीनंच भरल्या. माही माय म्हने, असे टाके अब्बाच्या हातचे बी नव्हते."

साऱ्या डोणगावले मालूम. नवऱ्याले सोडून.

२४ डिसेंबर

निघताना मी तिले बजावलं होतं — मशीनीजवळ जायचं नाई. ओढनी अडकते, कापसाची धूळ छातीत जाते. अब्बांचा खोकला त्याचाच हाये.

आज सरळ विचारलं. मंग म्हने, "ओढनी काढून ठेवते. तुमचा जुना शर्ट घालते, तोंडाले फडकं बांधते. तुमी मना केलं म्हून सांगतलं नाई. पन सोडलं बी नाई."



कवडीच्या गाद्या भरून घ्याले लोकायची लाइन लागली म्हने. अब्बांच्यानं उरकत नव्हतं, म्हनून हात लावला, अन मंग जमलं. पैसा कोनापाशी नाई. तूर देतात, ज्वारी देतात, एकानं बकरीचं पिल्लू आनून बांधलं. घरात पोते ठेवाले जागा नाई अन डब्यात रुपया नाई.

"मंग आपल्या खोलीचं?" मी विचारलं.

"त्या खोलीत दिवसभर मी काय करू? तुमची वाट पाहू? थे त इथं बी करते."

मंग म्हने, "मशीन चालू असली का मी गाते. मोठ्यानं. कोनाले ऐकू जात नाई."

ती गाते, हे मले मालूमच नव्हतं. लग्नाले वर्स झालं.

३१ डिसेंबर

सुट्टी. समोरच्या चाळीत एक खोली पाह्याले जायचं होतं, गेलो नाई.

मी असं समजत होतो — आधी पैसा, मंग खोली, मंग बिलकिस, मंग खुशी. एकामागं एक, यष्टीच्या लाइनीसारखं. अन खुशी तिकडं डोणगावात माहा जुना शर्ट घालून बसली, मी तिच्यासाठी वापीत खिडकीवाली खोली पाहून राह्यलो.

पन पैसा नको म्हनाले मी काई फकीर नाई. अब्बांच्या खोकल्याचं औषध मी धाडतो त्यातून येते. लाइटचं बिल तुरीनं भरता येत नाई. लाइट गेली की मशीन गेली, अन तिचं गानं बी गेलं. मंग मी इथंच पाहिजे. असंच ना?

शालिग्राम म्हने, "तू लय इचार करतो बे. चाल, भजे खाऊ."

भजे खाल्ले.

३ जानेवारी २०१८

बिलकिसनं दुकानात नेम केला. लाइटपुरते अन औषधापुरते पैसे रोख, बाकीचे दाने चालतील. अब्बा म्हने, "सून आनली का तहसीलदार?" पन लोक देऊन राह्यले. कुरकुर करतात अन देतात.

लग्नसराई तोंडावर आली. कापसाचे गाठोडे उचलाले, गाद्या घरपोच न्याले एक मानूस पाहिजे म्हने.

"कोन ठेवला?" मी.

"पाहून राह्यले. मजबूत पाहिजे. अन उलट बोलनारा नको."

दिवसभर कामात ध्यान लागलं नाई. दोन गाद्यायचा फोम वाकडा कापला. सुपरवायजरनं सर्वायसमोर झापलं. डोणगावातला कोन मजबूत हाये, थेच आठवून राह्यलो होतो.

६ जानेवारी

बिलकिसनं त्या कामाची रोजी सांगतली. इथल्यापेक्षा निम्मी, अन त्यातली बी अर्धी तुरीत. विचारलं, दोन टाइमचं जेवन? म्हने, "थे काम पाहून." मी हाव म्हनलो.