साडूची दाढ, माझी दाढ

३ जून, सोमवार
साडूने काल दुपारी अक्कलदाढ काढली आणि संध्याकाळी लिफ्ट दुरुस्त करायला कामावर हजर. ही बातमी हिने जेवताना तीनदा सांगितली. भावोजींनी हूं की चूं केलं नाही म्हणे. मी म्हटलं, त्यात काय एवढं! ही नुसती हसली. ते हसू मला फार लागलं. अकरा वर्षांच्या संसारात माझं असं कौतुक तिने एकदाही केलेलं नाही.

४ जून
माझी खालची उजवी दाढ महिनाभर ठणकतेय. अवाक्षर काढलं नाही. (ही म्हणते, रोज बोलता. असो.) ठरलं! शुक्रवारी अकराला दाढ, बाराला ऑफिस, तीनला मीटिंग. मग साडूचं नाव कोण काढतं बघू.

५ जून
मी विम्याचे क्लेम तपासतो. कुणाचं दुखणं खरं, कुणाचं खोटं, मला फाइल न उघडता कळतं. वेदना नव्वद टक्के मनात असते. दोन पेनकिलर घेतल्या, त्या खबरदारी म्हणून.

७ जून, शुक्रवार, सकाळी १०.४०
क्लिनिकच्या दारापर्यंत गेलो. आत फार गर्दी. गर्दीत डॉक्टर घाई करतात, आणि चुकीची दाढ निघाली तर परत कोण बसवणार? घरी आलो.

संध्याकाळी
साडू सहकुटुंब आला होता. हिने त्याच्यासाठी सूप केलं. गाळून, गार करून. माझा नुसता जळफळाट झाला. गालावर जराशी सूज तरी असावी माणसाच्या! तीही नाही.

१० जून
गाल सुजला. माझा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, उद्याच या, सोबत कुणाला तरी आणा. हिला शाळेत प्रवेशांची ड्युटी. म्हणाली, भावोजींना सांगते. मी नको नको म्हणेपर्यंत फोन लावलासुद्धा. साडूने लगेच सुटी टाकली. केवढा तो दिखाऊपणा!

११ जून, दुपारी ४
बाईंनी आधीच सांगितलं होतं: इंजेक्शन टोचेल, ओठ बधिर होईल, मग फक्त दाब जाणवेल. अगदी तसंच झालं. मी ओरडलो तो दाबामुळे. इंजेक्शनच्या आधी ओरडलो ती तयारी. साडूचा हात धरला होता, त्याला भीती वाटू नये म्हणून. त्याच्या मनगटावर माझ्या नखांचे चार वळ उठलेत. बाहेर बसलेले दोन पेशंट मध्येच निघून गेले, त्यांना कामं असतील.
आता कापूस चावून बसलोय. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. ऑफिस उद्या.

संध्याकाळी ७
हिने साडूला विचारलं, कसं काय झालं? माझा जीव टांगणीला. आता हा तिखटमीठ लावून सांगणार, आणि माझ्या तोंडात कापूस! मी त्याच्या जागी असतो तर सांगितलंच असतं. पण साडू म्हणाला, फार धीराने बसले होते. मनगट खिशात घालून उभा होता.

१२ जून
ऑफिस नाही. दुखतंय. नव्वद टक्क्यांचं गणित पुन्हा तपासायला हवं.
हिला कागदावर लिहून विचारलं, काल भावोजी काय म्हणाले, ऐकलंस ना? म्हणाली, ऐकलं. आणि क्लिनिकखालच्या टेलरबाईंनी सकाळी सांगितलं, तेही ऐकलं. त्यांनी म्हणे मशीन थांबवून खिडकी लावून घेतली होती. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तुमची लाज राखायला खोटं बोलले हो भावोजी, केवढं मोठं मन!
आता बहिणीला फोनवर तेच सांगतेय. अर्धा तास झाला.

१४ जून
एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावीकडचीही काढावी लागेल. बातमी साडूपर्यंत पोचली. त्याचा फोन, सुटी कधीची टाकू? एकटा जाईन, असं ठणकावून सांगायचं मी पक्कं ठरवलं होतं.
सोमवार सांगितला. आणि जरा लवकरच या, म्हटलं.