हळद घातलेला समुद्र

सांगली, ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही सुखरूप पोचलो.

साताऱ्यात दिवाणखान्यात काचेची टाकी आणायची, खारं पाणी भरायचं, तीन महिने मासा नाही. आणि काचेवर उवा वळवळायला लागल्या की भिंग लावून त्यांची नावं वहीत लिहायची! पाहुण्यांना चहाआधी त्या दाखवतोस. वहिनी लाजते, तू नाही.

निघताना मीच इलाज केला. हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं संसार केलाय. आमच्या गव्हाच्या डब्यात कीड टिकत नाही. दोन चमचे घरची हळद टाकीत टाकली. आभार मानायची घाई नाही.

तुझ्या वेडाखेरीज बाकी सगळ्यावर लोभ असलेली,
शरयू

सातारा, ९ फेब्रुवारी

चि. सौ. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

पाणी पिवळं का झालं, म्हणून मी टाकीतल्या दगडाला दोष दिला, मिठाला दिला, शेवटी स्वतःच्या डोळ्यांना. आज तुझं पत्र आलं.

त्या उवा नव्हेत, कोळंबीच्या जातीचे इवले जीव आहेत. झटके देत पोहणारे ते कोपेपॉड: एकच डोळा, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. दगडाखाली कुशीवर सरपटणारे ते ॲम्फिपॉड. एवढं कळायला डोकं लागतं. तुझं हळदीच्या पोत्याखाली गेलेलं दिसतं.

तीस वर्षं शाळेत पोरांना बरणीतले मेलेले जीव दाखवले. हे समुद्रातल्या दगडाबरोबर आपणहून आले होते, जिवंत. पाणी बदललं, पण ते गेले ते गेलेच. आणि ज्याच्यासाठी ते वाढवले तो मासा परवा आमच्या अनीशने मुंबईहून आणला. बोटाएवढा, निळा-केशरी. जिवंत कोपेपॉडशिवाय कशाला तोंड लावत नाही. दिवसभर दगड टोचतो. पोट आत गेलंय.

आशीर्वाद दिलेत, ते सवयीने.
विष्णू

सांगली, १३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

माधवनगरात नाथाजी म्हणून एकाकडे अशीच टाकी आहे, असं सूनबाईने शोधलं. गेले. हळदीचं सांगितल्यावर तो मांडी थोपटून हसला. म्हणाला, आवं काकू, समुद्राचं लोणचं घालत हुता व्हय? शेजारीपाजारी जमले, तेही हसले. पेठेतले हमाल माझ्यापुढे मान वर करत नाहीत, दादा. तिथे मी हसं करून घेतलं आणि तुझ्या माशासाठी हात पसरला.

मग त्याने भिंग दिलं. मादीच्या पिशव्या दिसल्या. दोन्ही काखांत कळशा घेऊन बाई लगबगीने निघावी, तशी ती चालली होती. तरी मी उवाच म्हणणार.

सूनबाईबरोबर त्याच्याकडच्या उवांची बाटली पाठवते आहे. मासा खातो का, लगेच कळव. मला अन्न गोड लागत नाही.

लोभ राहिला असेल तर असू दे.
शरयू

सातारा, १५ फेब्रुवारी

चि. सौ. शरयूस,
अ. आ.

बाटली ओतली. मासा तासभर हलला नाही. मग दगडाआडून आला, थांबला, आणि एक टिपला. मग आणखी एक. तुझ्या वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मी भिंग पुसत बसलो.

आता जेवून घे. बाटलीतले आठवडाभर पुरतील. टाकीत पुन्हा वाढेपर्यंत दर शनिवारी नाथाजीकडे तूच जायचंस. तो हसेल. हसू दे.

तुझाच,
दादा