बाबांनी निवडलेला कुत्रा

प्रिय साहेब,

बाबा हल्ली तुला याच नावाने ओळखतात. ‘साहेबांचा फोन आला होता का?’ असं विचारतात, आणि नाही म्हटलं की ‘कामात असतील’ म्हणतात. तेव्हा मीही तेच वापरते. पत्र मुद्दाम लिहिते आहे. फोनवर तू मध्येच ‘ताई, मीटिंग आहे’ म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

बाबांना कुत्रा द्यायचा म्हणून तू पाठवलेला फॉर्म मिळाला. कुत्रे विकणाऱ्यांनी चौदा प्रश्न विचारलेत आणि तू चौदाही सोडवलेस. घर: प्रशस्त. जिना: अडचण नाही. रोजचं चालणं: दोन तास. स्वभाव: उत्साही. खाली माझ्यासाठी दोन ओळी. बॉर्डर कॉली की बॅसेट हाउंड, बाबांच्या लाइफस्टाइलला काय सूट होईल, तुझं फील्ड आहे म्हणून विचारतो. माझं फील्ड म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना अंघोळी घालणं आणि त्यांची नखं कापणं. बावीस वर्षं झाली. त्याला तू पहिल्यांदाच फील्ड म्हणालास. तेव्हाच ओळखलं की काहीतरी माझ्या गळ्यात मारायचं असणार.

विचारलंच आहेस तर सांगते. कॉली हा मेंढ्या राखणारा कुत्रा. त्याला रोज दोन तास पळवावं लागतं, आणि नुसतं पळून त्याचं भागत नाही, डोक्यालाही काम लागतं. मिळालं नाही तर तो स्वतः शोधतो. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या एका कॉलीने मालकिणीच्या सोफ्यातला सगळा कापूस बाहेर काढून खोलीच्या एका कोपऱ्यात नीट हाकून ठेवला होता. बॅसेट बरोबर उलटा. आखूड पाय, जमिनीला टेकणारे कान, दिवसभर झोप. फोटो पाहून तुला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसाला अगदी योग्य. पण तो अठ्ठावीस किलोपर्यंत भरतो आणि पाठ लांब म्हणून त्याला फार जिने चढू-उतरू देत नाहीत. उचलून न्यावं लागतं. बाबा चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. तू राहायचास तेव्हाही नव्हती. म्हणजे दिवसातून तीन वेळा अठ्ठावीस किलो, चार मजले. तुझा फॉर्म मी डॉक्टरीणबाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, तुझा भाऊ वडिलांना कुत्रा देतोय की कुत्र्याला वडील?

फॉर्ममधल्या बाबांना मी शोधलं. या पत्त्यावर सापडले नाहीत. पूर्वी असे कोणी होते. कारखान्यात कोटांचं कापड कापायचे, चालत जायचे, चालत यायचे, आणि आल्यावर तुला खांद्यावर घेऊन परत खाली उतरायचे. ते दोन तास तू तिथून आणलेस असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, एवढं मागचं तुला आठवत नाही. तू ते कॅमेऱ्यातून घेतलंस.

आई गेली तेव्हा तू चार दिवस होतास. त्यातला एक दिवस स्टुलावर उभं राहून पॅसेजमध्ये कॅमेरा बसवण्यात घालवलास. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तू फोनवर वडील बघतोस. ‘बाबा एकदम फिट आहेत, मी रोज पाहतो,’ असं मावशीला सांगितलंस, आणि तिने ते मला कौतुकाने ऐकवलं. तू काय पाहतोस ते लिहिते. बाबा दीड वर्षापासून काठी घेऊन चालतात. काठ्या दोन आहेत. पॅसेजच्या दोन्ही टोकांना, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा टेकवलेल्या. मधे आठ पावलं आहेत. सकाळी नऊला, तू त्याच वेळी बघतोस असा त्यांचा समज आहे म्हणून, ते इस्त्रीचा शर्ट घालतात, निजायच्या खोलीच्या दारामागे एक काठी ठेवतात आणि आठ पावलं ताठ चालत जातात. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून दहा मिनिटं दम खातात. संध्याकाळी तसेच परत. मी एकदा म्हटलं, काय हे सोंग? तर म्हणाले, तू मधे पडू नकोस, त्याला तिकडे घोर नको. मीही पडले नाही. दुसरी काठी मीच आणून दिली, हेही लिहून ठेवते. तर दिवसाची ही सोळा पावलं. तुझ्या फॉर्मात तीच दोन तास झाली आहेत.

माझ्या उत्तराची वाट न पाहता तू दोन्ही फोटो बाबांनाही पाठवलेस. ‘तुम्हीच निवडा.’ तुझ्यासाठी ते अर्ध्या मिनिटाचं काम. बाबांना चार दिवस पुरलं. माझ्याकडच्या फॉर्मच्या मागे छापलेली दोघांची उंची आणि लांबी त्यांनी उतरवून घेतली आणि कोटाचे नमुने कापायचे तसे खाकी कागदाचे दोन कुत्रे कापले, खऱ्या मापाचे. मी कामावरून यायची तेव्हा ते खुर्चीवर बसून काठीने कुत्रे सरकवत असायचे. बॅसेट टेबलाखाली चपखल बसला. कॉली कुठेच बसेना. खिडकीपाशी उभा केला तर दार उघडत नव्हतं. मला वाटलं, कागदाने तरी त्यांना शहाणं केलं.

काल त्यांनी बॅसेटची घडी घातली आणि सांगितलं, साहेबांना कळव, कॉली पसंत आहे. मी भडकले. दोन तासांचं पळणं काढलं, सोफा काढला, त्यांचे गुडघे काढले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बॅसेट माझ्यापाशी गुपचूप पडून राहील आणि पोराला वाटेल, चला, सोय लागली. कॉली मला आवरणार नाही. महिनाभरात बोंब होईल, तू त्याला फोन करशील, मग त्याला यावंच लागेल. हे सांगताना ते खूष होते. तो निरोप त्यांनी मला तुला कळवायला सांगितलाय, आणि त्यांच्या मते मी आत्ता तोच लिहिते आहे. कुत्रा पाठवू नकोस. तू ये. यायचं नसेल तर तसं बाबांना फोन करून स्वतःच्या तोंडाने सांग. ते काम मी करणार नाही, आणि एखाद्या मुक्या जनावराकडूनही करून घेऊ नकोस.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई