तुमच्या कलमांमधून रस्ता

आई, तुमची बाग मी देऊन आले. आधी इकडचं तिकडचं लिहावं आणि मग हळूच सांगावं असं ठरवलं होतं, पण तुम्हाला लांबण कधी आवडलीच नाही. "काय त्ये एकदा तोंडानं बोल," म्हणून तुम्ही मोकळ्या व्हायचात. म्हणून आधीच बोलून टाकलं. आता कशी दिली, कशासाठी दिली, ते जरा शांतपणे ऐकून घ्या. या वेळी मी माफी मागणार नाही.

तुम्हाला आई म्हणणं मला पहिलं वर्षभर जड गेलं होतं. माझी आई तिकडे मिरजेकडे होती आणि चिखल म्हटला की मला उसाच्या शेतातला चिखल ठाऊक. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही मला ओहोटीच्या वेळी खाजणात नेलंत. खाडीकाठचा तो सखल पट्टा, अर्धा दिवस पाण्याखाली, अर्धा दिवस उघडा, कडेला तिवरांची दाटी. मला तर त्याचा वासच सहन होईना. तुम्ही लुगडं वर खोचून आत शिरलात, बाकीच्या बायका शिरल्या, आणि मी दोन पावलं टाकून गुडघ्यापर्यंत रुतले. "गो बाय, उभी ऱ्हाव नुको. उभी ऱ्हायलीस त रुतशील. चालत ऱ्हा." चिखलात दडलेले मुळे, ते खायचे शिंपले, पायाच्या बोटांनी कसे चाचपायचे, शिंपला लागला की हात कसा घालायचा, सगळं तुम्हीच दाखवलंत. मी बारके मुळेही टोपलीत टाकले, तेव्हा चारचौघींदेखत माझ्या हातावर चापटी मारलीत. "त्ये पुढल्या वर्साचं हायत." त्या चापटीचा राग माझ्या मनात बरेच दिवस होता. संध्याकाळी मात्र मुळ्यांचं सुकं झालं तेव्हा पहिलं ताट तुम्ही मला वाढलंत.

त्याच खाजणात भराव टाकून रस्ता करायचं घाटत आहे. पलीकडच्या मोठ्या रस्त्याला वाडी जोडायची, म्हणजे रत्नागिरी जवळ येईल. मोजणीला माणसं आली, त्यांनी काठापासून लाल झेंडे रोवत आणले. त्यांचे साहेब म्हणतात, ही सरकारी पडीक जागा आहे, इथे कुणाचं काही जात नाही. आता बघा, आम्ही वीस-पंचवीस बायका त्यांच्यासमोर टोपल्या घेऊन आत उतरलेल्या आहोत, रोजच्यासारख्या वाकून मुळे काढतो आहोत. साहेब काठावरून हाक मारतात, "ताई, जरा बाजूला व्हा, काम चालू आहे." मी वाकलेलीच राहते आणि म्हणते, "आमचंही कामच चालू आहे." भरती चढेपर्यंत एकही बाई वर आली नाही. झेंडे तेवढ्यावरच थांबले. तुम्ही असतात तर त्या साहेबांना चार शब्द जास्तच ऐकवले असतेत.

पण आई, नुसतं नाही म्हणून चालत नाही हे मलाही कळतं. तुमच्या शेवटच्या दुखण्यात खुर्चीला बांबू बांधून चौघांनी तुम्हाला वाडीच्या डोक्यावरच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, चढवलं होतं. वर गाडी उभी होती, पण तिथवर पोचेपर्यंत तुमच्या तोंडाला कोरड पडली होती आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून धावत होते. वाडीला रस्ता हवाच. तो खाजणातून नको, एवढंच माझं म्हणणं. पावसात मोठी भरती आली की पाणी तिथेच पसरतं, म्हणून आपली घरं कोरडी राहतात आणि विहिरी गोड राहतात. भराव टाकला तर ते पाणी कुठे जाईल? आपल्या ओटीवर येईल. वर सड्यावर डांबरी रस्ता आहेच, तो वाडीपर्यंत खाली उतरवा, असं मी साहेबांनी शाळेत भरवलेल्या सभेत उभी राहून सांगितलं.

तेव्हा तो उठला. आपल्या शेजारचाच, तुमच्या हातचे घावणे खाऊन मोठा झालेला. जागा घेणाऱ्यांना हल्ली गावभर हिंडवतो तोच. म्हणाला, "वैनी, तुमी घाटावरच्या. तुमाला खाजणाचा एवढा कसला पुळका?" माणसं हसली. मला इतक्या वर्षांनी पुन्हा काठावर उभं केल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मला खाजणात माझ्या सासूने उतरवलंय. तुझ्या आईबरोबर मी तिथे वाकलेय, जा, विचार तिला." त्याची आई पुढेच बसली होती, ती मान खाली घालून हसली. मग त्याने ठेवणीतलं काढलं. "वरनं रस्ता आणायचा त तो तुमच्या बागेतनं येतो. आंब्याची कलमं जातील. देताव?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. त्याला वाटलं होतं, आता ही गप्प बसेल. खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. सड्याच्या उतारावर जांभ्या दगडात पहारीने खड्डे खणताना तुमचे हात सोलवटलेले मी पाहिले आहेत. माती खालून घमेल्यांनी नेली, आणि पहिली काही वर्षं भर उन्हाळ्यात आपण दोघी डोक्यावरून हंडे वाहत राहिलो. लेकरू पोटात असताना मला वर चढू न देता माझी खेपही तुम्हीच केलीत. आणि तो पोरगा माझ्याकडे बघून हसतो? मी म्हटलं, "देते." मोठ्याने म्हटलं. मग मागून एक बाई उठली, "तिची बाग जाते त आमच्या खालच्या आवाराचा दगडी गडगा पन घ्या," म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी दोघी. साहेबांनी वरची पाहणी करू असं सर्वांसमोर कबूल केलं. केली नाही तर आम्ही आहोतच, आणि ओहोटी रोज येते.

बाग कागदावर तुमच्या मुलाच्या नावावर आहे हे मला घरी परत येताना आठवलं. मुंबईला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही मी करीन. पण आयेला तू सांग." तेवढ्यासाठी हा कागद घेऊन बसले आहे. तो कुठे पाठवायचा नाही, आणि चुलीतही घालायचा नाही. मी तुम्हाला विचारत नाही, आई. सांगते आहे. तुम्ही रागावलात तरी मी पुन्हा देईन. ती कलमं तुमची होती, आणि खाजणही तुमचंच होतं. दोन्ही राखता आली नाहीत.

बागेतल्या वळणाशी ते कलम आहे ना, जे तुम्ही मी आले त्या वर्षी लावलंत आणि "ह्ये तुजं" म्हणालात, ते रस्त्याच्या बरोबर मध्ये येतं. यंदा लगडलं आहे म्हणतात. आंबे उतरवायला मी माणसं पाठवली. खाजणात रोज उतरते, कुणाला भीत नाही. वर बागेत मात्र त्या सभेपासून एकदाही गेलेले नाही.