पुढची उतरंड दिसेपर्यंत

१२ मे, मोआब गावाबाहेरचा तळ

ताई, गुडघा कसा आहे तुझा? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस की नुसतीच कुरकुरतेस? मर्लभावजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, तो पाइप सोडा, नाहीतर मी आल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यात पुरून टाकीन. आंधळा कुत्रा बस्टर जेवतो ना नीट? आणि ती लंगडी कोंबडी, अजून अंडी घालते की नुसती फुकटचं खाते?

तू दिलेल्या वहीचं हे पहिलं पान. रोज लिही म्हणालीस, तर लिहीन. भरली की तशीच पाकिटात घालून पाठवतो.

आम्ही सगळे खुशाल. नेब्रास्काहून इथवर दोन दिवस लागले. गाडी कॉरिनने चालवली. ड्वेनने नकाशा उलटा धरून वाट दाखवली आणि तीन वेळा आम्हाला पेट्रोलपंपामागच्या उकिरड्याकडे नेलं. मी काही बोललो तर म्हणतो, सासरेबुवा, तुमच्या घोरण्याने आधीच दोन टायर घाबरलेत, आता गप्प बसा. जावई आहे, पण माणूस गोड. टेस आठ वर्षांची झाली यावर माझा विश्वास बसत नाही. इर्माची गवताची टोपी घालून बसली होती, डोळ्यांवर येत होती तरी काढेना. आजीला ही लाल माती बघायची होती ना, मग तिची टोपी तरी बघू दे, म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तंबूसमोरच तांबडे कडे आहेत. उन्हं उतरताना आतून शेगडी पेटल्यासारखे दिसतात. इर्मा असती तर जेवण करपवून बघत बसली असती.

१३ मे

आज पहिली पायवाट चढलो. पायवाट कसली, नुसता उघडा खडक, मैलभर पसरलेला. वाट कळावी म्हणून जागोजागी दगडांच्या छोट्या उतरंडी रचलेल्या. उद्यानाची रेंजरबाई उंच, जाड वेणीची. तिने आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं उभं करून नियम सांगितला. एका उतरंडीपाशी थांबायचं, पुढची दिसेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. दिसली की तिच्याकडे चालायचं. आणि स्वतःची उतरंड कुणी रचायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. हे बोलताना तिने माझ्याच हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हात लपत नाही.

जेवायला वाटेपासून शंभरेक पावलं डावीकडे गेलो, तिथे सावली होती. पलीकडे कडा. पाव-चीज खाऊन झालं आणि टेस म्हणाली, आजोबा, आजीसाठी एक रचू या. मी नाही कसं म्हणणार? खाली रुंद, वर निमुळती, सांध्यात सांधा. वर टेसने एक लालभडक गोटा ठेवला. ताई, मी स्वतःच रचली म्हणून म्हणत नाही, पण त्या वाटेवरच्या साऱ्या उतरंडींपेक्षा ती उजवी होती. लांबून उठून दिसत होती.

निघताना कॉरिनने बजावलं, बाबा, ती पाडून टाका हं, उगाच कुणी चुकेल. मी मागे राहिलो, टोपी बोटांत फिरवत उभा राहिलो. इर्मासाठी रचलेली. हात उचलवेना. गाडीत कॉरिनने विचारलं तर म्हणालो, पाडली.

एवढंसं खोटं. तुला सांगतो, कारण तू कुणाला सांगणार नाहीस.

१५ मे, दुसरं उद्यान, दीडशे मैल दक्षिणेला

काल दिवसभर गाडीत. आजची वाट सोपी. एक गंमत झाली, म्हणजे गंमतच म्हणायची. तिसऱ्या उतरंडीपाशी टेस थांबली ती हलेचना. पुढची उतरंड दहा पावलांवर होती, माझ्या मोतीबिंदूलासुद्धा दिसत होती. ती म्हणाली, मला दिसत नाही. ड्वेन पुढच्या उतरंडीमागे जाऊन कोंबड्यासारखा आरवला. ती हसली नाही. शेवटी त्याने खांद्यावर टाकून आणली. ऊन लागलं असेल, कॉरिन म्हणाली.

पाण्याच्या दोन बाटल्या प्यायली. तरी घसा कोरडा म्हणते.

१६ मे

टेससाठी काल रात्रीच मोआबच्या तळावर परतलो. सकाळी किराणा दुकानाच्या दारावर कागद पाहिला. हॉलिस ब्रँड, वय एकसष्ट, शाळामास्तर. चौदा तारखेला आमच्या पहिल्या वाटेवर एकटा गेला, परतला नाही. त्याची बायको खिळ्यांच्या बरणीशेजारी उभी राहून दुकानदाराला सांगत होती, तो वाट सोडणारा माणूस नाही हो. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबतो. नियम म्हणजे नियम. लग्नात पाद्री चुकला तर त्याला दुरुस्त केलं होतं याने.

दुकानदाराने विचारलं, पाणी किती होतं सोबत. ती म्हणाली, एक दिवसाचं. नीट वापरलं तर दोन.

मी बर्फाची पिशवी घेऊन उभा होतो. हाताला थंडी लागेपर्यंत उभा होतो. बोलायला हवं होतं, ताई. कॉरिन मागे होती. मी खोटं बोललो हे तिच्यासमोर... उद्या सांगू, म्हटलं. आज त्यांना तो सापडेलच.

टेस तळावर चुलीच्या दगडांपाशी उभी आहे. दुपारपासून. बसत नाही. काय करतेस विचारलं तर म्हणाली, थांबलेय.

१७ मे

टेसचे ओठ फुटलेत. पाणी पिते, घटाघटा पिते, पण ते जातं कुठे कळत नाही. जीभ लाकडासारखी. सारखी आवंढा गिळते, गिळायला काही नसताना. तो आवाज. सुकी दोरी लाकडावरून ओढावी तसा.

गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, रक्त तर असं सांगतंय की पोरीला तीन दिवस पाणी मिळालेलं नाही. आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. कॉरिन रडायला लागली. ड्वेनची थट्टा बंद झालीय.

सलाइनची सुई लावलीय हाताला. झोपेतही पाय जमिनीला टेकवायला बघते.

संध्याकाळी जागी झाली. मला म्हणाली, आजोबा, ते काका म्हणतात, पुढची कुठेय?

मी सरळ रेंजरच्या कचेरीत गेलो. सगळं सांगितलं. वेणीवाल्या बाईने एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

१८ मे

सापडला. आमच्या उतरंडीच्या खाली, कड्याच्या पायथ्याशी. पण पडला शेवटी. त्याआधी दोन दिवस वरच होता. उतरंडीपाशी एकाच जागी उभा, फिरून फिरून बूट घासले होते. वाट शंभर पावलांवर. पुढची दिसली नाही म्हणून हलला नाही.

सोळाच्या संध्याकाळपर्यंत जिवंत होता, म्हणतात. मी बर्फ घेऊन उभा होतो तेव्हा.

कॉरिनला सांगितलं. तिने माझा कोट खुर्चीवरून उचलून बाहेरच्या बाकावर ठेवला.

शोधणाऱ्यांनी उतरंड पाडली, दगड खाली फेकले. मला वाटलं, आता टेस –

नाही. पलंगाच्या कडेला उभी आहे. माणूस नेला त्यांनी. त्याचं थांबणं तिथेच राहिलंय. तिने तो लाल गोटा ठेवला होता ना वर. तिलाच विचारतोय तो.

१९ मे, सकाळ

डॉक्टरीण म्हणते, फार तर उद्यापर्यंत.

मला कळतंय काय करायचं. पुढची रचून द्यायची. त्याच्यापासून थेट वाटेपर्यंत. मी दुसरं काय शिकलोय आयुष्यात?

टेसच्या कपाळाचा मुका घेतला. तापलेल्या विटेसारखं. कॉरिनला म्हणालो, दूध आणतो. ड्वेन गाडीपर्यंत आला. किल्ली देताना हात धरून ठेवला माझा. म्हणाला, सासरेबुवा, लवकर या, तुमच्याशिवाय भांडायला कोण आहे मला.

१९ मे, दुपार, कड्यावर

उतरंड उभी आहे, ताई. काल पाडलेली, तीच. सांध्यात सांधा, माझाच हात. वर लाल गोटा.

शेजारच्या वाळूत बुटांचे दोन ठसे, टाचा जुळवून. ताजे.

मी मोठ्याने म्हणालो, ब्रँडमास्तर, चूक माझी. पोरीला सोडा. मी रचतो, तुम्ही या.

पहिली रचली, वीस पावलांवर. मागे पाहिलं नाही. पण आवंढ्याचा आवाज आला, तोच. जवळ आला. थांबला.

दुसरी. आवाज मागोमाग. नियमाने. आधी थांबायचं, मग चालायचं.

तिसरी. बोटं सोललीत. पाणी संपलं. बाटली भरून आणली होती, मी तर एक घोटही –

चौथी.

पाचवी रचली. इथून खरी वाट दिसते, तिची उतरंड दिसते. म्हटलं, ती बघा मास्तर. ती खरी. जा.

आवाज माझ्या कानाजवळून गेला. थंड गेला. पुढे गेला. वाटेवर. मग नाहीच. सुटला बिचारा.

आता टेस –

मीही निघालो होतो. वर पाहिलं. खरी उतरंड दिसत नाही. आत्ता होती. मागच्या चारही नाहीत. हीच एक. वर लाल गोटा आहे. मी तर ठेवला नव्हता.

ऊन जागचं हललेलं नाही. कधीपासून कोण जाणे.

आवंढा गिळतो तो आवाज आता माझा आहे.

ताई, वही गोट्याखाली ठेवतो, कुणीतरी येईल. गुडघ्याला जप. कॉरिनला सांग, दूध राहिलं. आणि लवकर लिही. बाकी काही नको, टेस पाणी प्यायली का, पोटभर प्यायली का, तेवढं लवकर लिही. मी इथेच आहे. हलत नाही. पुढची दिसली की लगेच –