भुवईसाहेबांचा तपास

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. बाबा आहेत. मीही आहे, चष्म्याच्या त्याच दुकानात काचा बसवतो. फोनवर माझी बोबडी वळते हे तुला माहीत आहे. कागदावर निदान खोडता तरी येतं.

आपले लाडके नट भुवईसाहेब अजून रोज संध्याकाळी टीव्हीवर येतात. तू निवडून आणलेल्या त्याच डीव्हीडी, त्याच जुन्या इंग्रजी खुनाच्या मालिका. नव्या मालिकांत साहेब पिकले, सुटले, ते बाबांना चालत नाहीत. त्यांना काळ्या केसांचे, कॉलर वर करून ओल्या रस्त्याने जाणारे साहेबच हवेत. कधी ते इन्स्पेक्टर, कधी डॉक्टर. एका मालिकेत तर चक्क तेच खुनी निघाले आणि बाबा घरचं माणूस फसवून गेल्यासारखे रुसले होते, आठवतं? तू गेल्यापासून इंग्रजी समजावणारं कोणी नाही. मी नववीपर्यंतचा, बाबांचं माझ्याहून कच्चं. आम्ही बोलणं सोडून देतो आणि चेहऱ्यावर भागवतो. साहेबांची डावी भुवई वर गेली की बाबा मांडीवर थाप मारतात, “कळलं रे गड्याला!” खोटं कशाला सांगू, मजा येते.

आपला नियमही चालू आहे. शेवट यायच्या आधी चित्र थांबवायचं, तिघांनी खुनी कोण ते सांगायचं, मगच पुढे. तू गेल्यावर तुझ्या वाटचा खुनी बाबाच सांगायचे. मुद्दाम चुकीचा सांगायचे आणि म्हणायचे, “हुशार आहे, पण घाई नडते तिला.” तुझा विषय घरात निघायचा तो एवढाच. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग शेजारच्या काकू. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं नाही. आता शेवट जवळ आला की ते तू बसायचीस त्या रिकाम्या स्टुलाकडे बघतात आणि मला अडवतात, “थांब. तिचं झालं नाही अजून.”

म्हणून आमचा एकही खून सुटत नाही. पडद्यावर साहेब भुवई उचलून थिजलेले, खोलीभर त्यांचा निळसर उजेड, आणि रिमोट हातात धरून मी. जेवणही त्या चेहऱ्यासमोरच होतं. एकदा बाबांचा डोळा लागला म्हणून मी बटण दाबलं, तर डोळे न उघडताच म्हणाले, “तिला सोडून?” स्टूल मी आत नेऊन ठेवलं होतं, त्यांनी ते परत आणलं. त्यावर बसायचं मला धाडस होत नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्या काचेतून भुवई उचलून माझ्याकडे बघतं तेव्हा वाटतं, आता हेही विचारणार, खुनी कोण?

हे तुला कळवणार नव्हतो. पण परवा बाबांनी स्टुलाकडे पाहिलंच नाही. उठले, पडद्याजवळ गेले आणि थांबलेल्या साहेबांना हात जोडून म्हणाले, “साहेब, माझ्या मुलीचा तपास कुठवर आला? कोणी मारलं हो तिला?” ताई, तू आपल्या मनाने लग्न ठरवून निघालीस तेव्हा उंबऱ्यात उभं राहून “आजपासून तू मला मेलीस” असं कोण म्हणालं, ते बाबा विसरून गेले आहेत. तू मेलीस, एवढंच त्यांच्यापाशी उरलं आहे. आता रोज विचारतात. मला उत्तर ठाऊक आहे, म्हणून मी खाली मान घालून जेवतो. फोटोतल्या तुला ते अजून ओळखतात. ते किती टिकेल, सांगता येत नाही. तू ये. स्टुलावर बस आणि कोणाचंही नाव घे, चुकलं तरी चालेल. खून झालाच नव्हता, हे एकदा त्यांना दिसू दे.

वाट बघणारा तुझाच,
धाकटा