नागपूरचा उंदीर आणि सिहोऱ्याचा उंदीर

२६ ऑक्टोबर, रविवार
धाकट्या बहिणीचा, शकुनचा फोन. मंडईला येते म्हणाली. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की घरोघर पाहुणे येतातच, त्यात विशेष काही नाही. पण मी एक ठरवलं आहे. तिला परत जाऊ द्यायचं नाही. तिचे मिस्टर गेल्यापासून ती नागपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. शहरात माणूस सुकतं. इथं सिहोऱ्यात माझ्याजवळ राहील तर सुधारेल. तिच्या भल्यासाठी म्हणते. मला सोबत लागत नाही. हे गेले त्याला चार वर्षं झाली, मुलगी गुड्डी बपेऱ्याला सासरी सुखात आहे, आणि माझं वाचनात छान चाललं आहे. 
आल्या आल्या स्पष्ट विचारायचं.

२९ ऑक्टोबर, बुधवार
शकुन आली. मला पाहून म्हणाली, 'बाई, किती वाळली तू!' मी म्हटलं, ही तब्येत कमावलेली आहे. प्रवासाने ती थकली होती, म्हणून विषय काढला नाही. उद्या.

३० ऑक्टोबर
मंडई. पाळणे, जिलेबी, गर्दी. गावात किती शांतता असते ते तिला समजावून सांगत होते. डीजे चालू असल्यामुळे ओरडून सांगावं लागलं.
'काय म्हणून राहिली?'
'शांतता!'
घरापाशी आलो तरी आवाज तोच. समोरच्या घरातली चंद्रभागाबाई दारातून म्हणाली, 'गुणाबाई, पाहुणीसंग कायले भांडून राहिल्या?'
डीजे वर्षातून एकदाच असतो. हेही ओरडूनच सांगितलं.

१ नोव्हेंबर, सकाळ
मुद्दा दुसरा. गावात भीती नसते. हे सांगत होते तेवढ्यात माकडं आली. वालाचा वेल मांडवासकट ओढून नेला. मी दार लावून आत बसले, ते शकुनच्या काळजीने. शकुन बाहेर होती. काठी घेऊन तिने माकडं हाकलली आणि दार वाजवून म्हणाली, 'निघ आता बाहेर. गेले तुहे पाहुणे.'
शहरात राहून माणूस बेफिकीर होतं, त्याचा हा परिणाम.

२ नोव्हेंबर, दुपार
चुलीपुढे दोघी बसलो होतो. शकुन आपणहून बोलायला लागली. सून, प्रतीक्षा, ऑफिसला गेल्याशिवाय शकुन स्वयंपाकघरात पाय टाकत नाही. सून वाईट नाही. टाकून बोलत नाही. पण एकदा सून घरी असताना डब्याचं झाकण वाजलं, तर तिने आतल्या खोलीतून विचारलं, 'कोण आहे?' शकुन म्हणाली, 'माह्याच पोराच्या घरात मी काय सांगू बाई, कोण हाय म्हणून? चूप उभी राहिली.' 
मग म्हणाली, 'कोणाले सांगजो नोको.' मी म्हटलं, माझ्या पोटात राहील.
विचारायची वेळ हीच होती. पण भात खाली लागत होता, म्हणून उठले.
भात लागला नव्हता.

३ नोव्हेंबर
युक्ती सुचली. अशा गोष्टी तोंडावर बोलायच्या नसतात. माणसाला गोष्ट सांगावी, त्याचं त्याला समजतं. पोरांच्या पुस्तकातली उंदरांची गोष्ट अगदी फिट आहे. शहरातला उंदीर गावातल्या उंदराला मेजवानीला नेतो, घासागणिक मांजर येतं, गावातला म्हणतो, तुझं पक्वान्न तुला, माझे दाणे मला. परवा पौर्णिमा आहे. बुद्धविहारात बायका जमतील. पावसाळ्यात वर्षावासाला तिथं ग्रंथाचं वाचन मीच करते. शाळा नव्हती, वाचायला मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले, पण आता माझ्याशिवाय कोणाचं वाचन बायकांना आवडत नाही. शकुन ऐकेल, समजेल आणि स्वतःच म्हणेल, बाई, मी राहते.
प्लॅनमध्ये काही कमी दिसत नाही.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
गोष्ट फार रंगली. मांजरावर कोणी हसेना, म्हणून मी मांजर काढून सून घातली. नागपूरचा उंदीर फ्रीजखाली राहतो. सून ऑफिसला गेली की बाहेर येतो. एक दिवस ती घरी असताना डब्याचं झाकण वाजतं. सून विचारते, 'कोण आहे?' उंदीर म्हणतो, 'मी सासू.'
बायका लोटपोट. चंद्रभागाबाईच्या लुगड्यावर खीर सांडली. शेवट मी सांगितला, पण हसण्यात कोणाला ऐकू गेला नसेल.
शकुन हसली नाही. दात दुखत असेल. बायका तिच्याकडे पाहून आणखीच हसल्या, त्याला मी काय करणार? मी नाव घेतलं नव्हतं. फक्त नागपूर म्हटलं. नागपूर केवढं मोठं आहे.

६ नोव्हेंबर, सकाळ
चंद्रभागाबाई अंगणातून ओरडली, 'काय उंदीरमावशी, झाला का चहा?' मनात काही ठेवून बोलणारी बाई नाही ती. शकुनने कप खाली ठेवला आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली.
स्टँडवर म्हणाली, 'बाई, मी राहाले आली होती. तू थांब म्हणशीन म्हणून रोज वाट पाहून राहिली होती.'
मी म्हटलं, मग थांब ना.
'आता?' म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

६ नोव्हेंबर, दुपार
लोकांनी थट्टा इतकी मनाला लावून घेऊ नये, असं लिहिलं होतं. खोडलं.
बायका हसत होत्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. शकुनचं तोंड दिसत होतं. दिसत असूनही मी पुढे सांगत गेले. 
हे असते तर एवढंच म्हणाले असते, 'तुले लोकं हसवाची भारी हौस.' आणि दिवसभर माझ्याशी बोलले नसते. आज ते न बोलणंही चाललं असतं.

९ नोव्हेंबर
फोन करून माफी मागायची. सकाळी ती कामात असेल. दुपारी झोपली असेल. संध्याकाळी रेंज नव्हती. निदान मी पाहिली नाही.

१२ नोव्हेंबर
विहारात चंद्रभागाबाईने तीच गोष्ट नव्या सुनांना सांगितली. उंदराचं नाव तिने शकुन ठेवलं आहे. मी मध्येच म्हटलं, बस करा. ती म्हणाली, 'अवं, तुमचीच तर गोष्ट हाय!'
चप्पल घालून घरी आले.

१६ नोव्हेंबर, रविवार
फोन लावला. शकुननेच उचलला. हळू बोलत होती.
मी म्हटलं, चुकलं माझं. तू सांगितलेलं मी लोकांत उघडं केलं. परत ये. मला इथं एकटीला करमत नाही.
ती मग म्हणाली, 'आता कोण्या तोंडानं येऊ, बाई? राहू दे. माहं बरं हाय इथं.'
मी बरं म्हटलं. ती फोन ठेवेना.
'त्या दिवशी हसण्यात आयकू नाही आलं,' ती म्हणाली, 'तुह्या गोष्टीतल्या गावच्या उंदराचं शेवटी काय झालं?'
मी म्हटलं, तो आपल्या बिळात परत आला. सुखाने राहिला.
'एकटाच?'
मी म्हटलं, पुस्तकात एवढंच आहे.